हाडांच्या बळकटीसाठी नाचणी आणि सोयाबीन

जमिनीत स्फुरद भरपूर असूनही ते बांधलेले राहिले, तर पिकाला मिळत नाही, हे आपण जाणता. आहारातील कॅल्शिअमचेही तसेच आहे. धान्यात ते किती आहे, यापेक्षा अंगी किती लागते, हे महत्त्वाचे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शिअम आवश्यक आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम. परंतु नाचणीतील फायटेट हा घटक कॅल्शिअमला बांधून ठेवतो. नाचणीला मोड आणल्यास दाण्यातील फायटेज हे विकर जागृत होऊन फायटेटचे प्रमाण घटते. त्यासाठी नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवून मंद भाजावी व दळावी. आंबवून केलेल्या आंबिलीचाही असाच उपयोग होतो.

पालकातील ऑक्झॅलेटमुळे त्यातील कॅल्शिअम फारसे शोषले जात नाही. म्हणून केवळ पालकावर न थांबता मेथी, मुळ्याचा पाला अशा भाज्या आलटून पालटून खाव्यात. हिरव्या पानांतील ‘के’ जीवनसत्त्व हाडातील प्रथिनास कार्यक्षम करते.

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन व डेडझीन ही आयसोफ्लेव्होन द्रव्ये असतात. त्यांची रचना स्त्रियांच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटून हाडांची झीज वाढते. ही झीज मंदावण्यास आयसोफ्लेव्होनची मदत होऊ शकते. मात्र प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून सोयाबीनला आहार समजावे, औषध नव्हे. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते. त्यासाठी सोयाबीन उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे शिजवून वाळवावे व ९ किलो गव्हात १ किलो या प्रमाणात मिसळून दळावे.

दूध, कोवळे ऊन व अंगमेहनत यांची जोड हवीच. हाडांची भर साधारण तिशीपर्यंतच पडते. पुढे ती साठवण पुरवावी लागते. तेव्हा वाढत्या मुलींच्या ताटाकडे आजच लक्ष द्या. सगळे पीक बाजारात नेण्यापूर्वी घरच्यांसाठी वर्षाची नाचणी व सोयाबीन बाजूला काढून ठेवा.