बंदुकीचा धडा कोणाला शिकवायचा?

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात २०२४ साली एक कायदा झाला. त्याप्रमाणे २०२५ मध्ये सुरू झालेल्या शालेय वर्षापासून तेथील सरकारी शाळांना दरवर्षी मुलांना बंदुकीपासून सुरक्षित राहण्याचा पाठ द्यावा लागतो, आणि तोही अगदी बालवाडीपासून. वर्गात खरी बंदूक किंवा काडतूस आणायचे नाही. लोकांनी बंदूक बाळगावी की नाही, या वादातही शिक्षकाने शिरायचे नाही. सापडलेल्या बंदुकीला हात लावू नये आणि ताबडतोब मोठ्या माणसाला सांगावे, हा पाठाचा गाभा. आर्कान्सा आणि युटा या राज्यांनीही २०२५ साली असेच कायदे केले.

हे वाचून आपल्या बेटावर पुष्कळांना नवल वाटेल. आपल्याकडे बंदूक म्हटली की आठवते ती हरणाची शिकार. डच लोकांनी १६३९ साली जावाहून हरणे आणून येथे सोडली, तेव्हापासूनची ही गोष्ट. ब्लॅक रिव्हरच्या बाजूच्या कुटुंबांना ‘शासे’ म्हणजे काय हे मी सांगायला नको. परंतु ती बंदूक मळेवाल्या साहेबाची. आपल्या घरातल्या कपाटात ती कधी नव्हती. मग हा विषय येथे कशाला? तर आपल्यापैकी किती तरी घरांतले मुलगे, मुली, भाचे, पुतणे आज परदेशी स्थायिक आहेत. त्यांची मुले ज्या शेजाऱ्यांकडे खेळायला जातात, त्यांच्या कपाटात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

शिवाय शिक्षक म्हणून मला एक प्रश्न पडतो. असा पाठ देऊन मूल खरेच शिकते का?

हा पाठ तसा नवा नाही. १९८८ साली नॅशनल रायफल असोसिएशनने ‘एडी ईगल’ नावाचा एक गरुड मुलांसाठी पुढे आणला. बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तेथून निघून जा, मोठ्या माणसाला सांग, असे तो शिकवतो. चार सोपी वाक्ये. कोणतेही मूल आठवड्याभरात तोंडपाठ म्हणून दाखवील.

आता २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. अमेरिकेतील काही डॉक्टरांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीन करून एका खोलीत बसवले. खोलीतल्या एका खणात पाण्याच्या पिचकारीची पिस्तुले होती, दुसऱ्या खणात खरे पिस्तूल. त्यात गोळी नव्हती, पण चाप ओढला की बाहेर कळावे अशी सोय केलेली होती. एकवीस गटांना ते खरे पिस्तूल सापडले. त्यांपैकी सोळा गटांनी ते हाताळले, आणि दहा गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळण्यातले वाटले किंवा खात्री करता आली नाही. आणि ज्यांनी ते हाताळले किंवा चाप ओढला, त्यांतल्या शंभरात नव्वदांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षेबद्दल पूर्वी काही ना काही शिकवलेले होते!

२००४ साली आणखी एक प्रयोग झाला. चार-पाच वर्षांच्या काही मुलांना गरुडाचा पाठ दिला, तर काहींना प्रत्यक्ष कृती करवून सराव दिला. वाक्ये दोन्हीकडच्या मुलांनी नीट म्हटली. सराव केलेल्यांनी गुरुजींसमोर नाटकही चांगले केले. पण मुलांना न सांगता खोलीत बंदूक ठेवली, तेव्हा दोन्ही पाठ फिके पडले. पुढच्या प्रयोगांत एक उपाय उपयोगी ठरला. मूल चुकले की शिक्षकाने त्याच क्षणी तेथे यायचे आणि त्याच जागी त्याच्याकडून योग्य कृती पुन्हा पुन्हा करून घ्यायची.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला हेच सांगतात. मूल काय म्हणते ते ऐकू नका, काय करते ते पाहा. ‘आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे’ असे वर्गात घोकणारे मूल चेंडूमागे सरळ रस्त्यावर धावते. त्यात त्याचा दोष नाही, त्याचे वयच तसे आहे.

म्हणून म्हणतो, पाठ जरूर द्यावा, पण त्याच्या भरवशावर बंदूक उघडी ठेवू नये. अमेरिकेच्या सरकारने १९७४ ते २००० या काळातल्या शाळांवरील सदतीस हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या घरातून किंवा नातेवाइकाकडून आणलेली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, बंदूक रिकामी ठेवणे, कुलपात ठेवणे आणि गोळ्या वेगळ्या, त्याही कुलपात ठेवणे, या प्रत्येक गोष्टीने मुलांचा धोका कमी होतो. यातले एकही काम मुलाचे नाही.

व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज शहरात ६ जानेवारी २०२३ रोजी जे झाले ते मला विसरता येत नाही. सहा वर्षांच्या एका मुलाने आईचे पिस्तूल शाळेत आणले आणि वर्गात आपल्या बाईंवर गोळी झाडली. गोळी हातातून जाऊन छातीत शिरली, बाई वाचल्या. त्या दिवशी त्याच्याजवळ पिस्तूल आहे हे इतर मुलांनी शिक्षकांना आधीच सांगितले होते. म्हणजे गरुडाचे चौथे वाक्य त्या चिमुरड्यांनी पाळले होते! दप्तर तपासले, त्यात काही निघाले नाही, आणि मुलाची झडती घेतली गेली नाही. पुढे आईला तुरुंगवास झाला. मिशिगनमधील ऑक्सफर्ड येथे २०२१ साली पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. वापरलेले पिस्तूल बापाने थोड्याच दिवसांपूर्वी विकत घेतले होते. त्या आईबापांना २०२४ मध्ये प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची सजा झाली.

अमेरिकेत २००० सालापासून एक मोहीम चालते. मूल कोणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर आधी विचारा, तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का? आपल्या लोकांना असे विचारायला संकोच वाटतो. समोरच्याला राग येईल, आपल्याला आगाऊ म्हणतील. पण ‘आमच्या मुलीला गोमांस देऊ नका’ हे आपण निःसंकोच सांगतो. अंगणात कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव उघडा आहे का, हेही विचारतो. त्याच दमात हे विचारावे. अमेरिकेत नातवंडांकडे निघालेल्या आजीआजोबांनी आपल्या सुनेला किंवा जावयाला ही गोष्ट जरूर सांगावी. उत्तर ‘हो, पण वरच्या फळीवर आहे’ असे आले, तर गोड बोलून म्हणावे, आज तुमचीच मुले आमच्याकडे पाठवा, मी चहाबरोबर गरम भजी करते.