दगडमातीत रमलेल्या लेकी

बारावीनंतर हुशार मुलीने डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे, हे आपल्या सीमाभागात जणू ठरलेलेच. एखादीने पुरातत्त्व किंवा भूगर्भशास्त्राचे नाव काढले, की घरचे विचारतात, "उन्हातान्हात दगडमातीत हिंडणार? लग्नसंसाराचं काय?" घरची भाषा मराठी असो वा कन्नड, प्रश्न तोच. मी कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे तो नेहमी कानावर येतो. मला वाटते, या वाटेने गेलेल्या बायका आपल्याला ठाऊकच नसतात, म्हणून ही धास्ती.

इरावती कर्वे म्हटले, की आपल्याला 'युगान्त' आठवते. पण बाईंचे शास्त्र मानववंशशास्त्राचे. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९४०च्या दशकात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर त्यांनी उत्तर गुजरातेत लांघणज येथे काम केले. तिथे गारगोटीची इवलीशी हत्यारे आणि अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. हाडांवरून ती माणसे कशी होती, हे सांगणे बाईंचे काम. १९४९ मध्ये दोघांचा निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला. त्या काळात बाईंच्या पदरी तीन मुले होती! 'युगान्त' घरोघरी पोहोचले, लांघणज मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले.

दुसरे उदाहरण चोर्ला घाटाखालचे. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधक होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. तीत अदितीताई आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून त्या बर्फाळ खंडावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. एकीने समुद्रातील जीवसृष्टी तपासली, दुसरीने शिर्माकर टेकड्यांतले खडक. सुदीप्ताताईंना पुढे १९९१चा भटनागर पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८१ मध्ये देबला मित्रा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या होत्या.

ही नावे पाठ्यपुस्तकाची वाट न पाहता घरात घेतली जावीत. पुढच्या सुट्टीत बदामी-ऐहोळेला जाल, तेव्हा देवदर्शन आणि फोटो झाले, की लेकीला तो तांबडा वालुकाश्म हाताने चाचपू द्या. हा दगड कसा तयार झाला, कोरला कोणी, हे तिला विचारू द्या. उत्तर आपल्याला आले नाही, तरी चालेल. ते शोधायला तिला जाऊ द्यावे, एवढेच मागणे.