हॉस्टेलची घाण, मुलांचे आजारपण आणि कायद्याची दाद

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या गावांतील कारागीर आणि लहान व्यापारी आता बारावीनंतर मुलामुलींना पुणे, मुंबई, नागपूरला शिकायला पाठवू लागले आहेत. फी, पुस्तके, हॉस्टेल, मेस असा सारा खर्च मांडूनच घरचा हिशेब होतो. एक खर्च मात्र कोणी धरत नाही. टाकीचे पाणी दूषित निघाले, संडास तुंबले, मेसमध्ये शिळे अन्न मिळाले आणि मूल आजारी पडले, तर दवाखान्याचे बिल, बुडालेली परीक्षा आणि कधी कधी वाया गेलेले अख्खे वर्ष पालकांच्या माथी येते. बहुतेक पालक नशिबाला बोल लावून गप्प बसतात. कायद्यात दाद मागण्याची सोय आहे. ती कोठे मागायची, हे पैसे कोणाला आणि कशासाठी दिले यावर ठरते. म्हणून आम्ही पावतीपासूनच सुरुवात करतो.

पावती खासगी हॉस्टेलची असेल तर

खासगी हॉस्टेलचा किंवा पेइंग गेस्ट ठेवणारा मालक भाडे घेऊन खोली, पाणी आणि साफसफाई पुरवतो. ही ग्राहक कायद्यातील सेवा आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. या नव्या कायद्याची मोठी सवलत अशी की तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. हॉस्टेल पुण्याचे असले तरी भिवंडीच्या पालकाला ठाणे जिल्ह्यातच तक्रार देता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. एकाच हॉस्टेलमधील अनेक मुले आजारी पडली असतील तर आयोगाच्या परवानगीने त्यांना मिळून एकच तक्रार करता येते, आणि अशा तक्रारीला वजनही जास्त असते.

येथे एक अट ध्यानात ठेवावी. ग्राहक होण्यासाठी मोबदला दिलेला असावा लागतो. फुकट राहण्याच्या वसतिगृहाविरुद्ध हा मार्ग चालत नाही. रोख भाडे देऊन पावती न घेणाऱ्याचीही येथेच अडचण होते.

पावती कॉलेजची असेल तर

येथे पुष्कळ पालक फसतात. महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजीत कौर या प्रकरणात २०१० साली सुप्रीम कोर्टाने विद्यार्थी हा विद्यापीठाचा ग्राहक नाही असे ठरवले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने कोचिंग क्लास वगळून शिक्षणसंस्थांना आणि शिक्षणाशी जोडलेल्या त्यांच्या इतर कामांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवले. त्यामुळे हॉस्टेलची फी कॉलेजच्याच पावतीत असेल तर कॉलेजचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार. केवळ ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहिल्यास वर्षे निघून जातात.

अशा वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ उपयोगी पडतात. प्रत्येक कॉलेजात तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. माहितीपुस्तिकेत कबूल केलेल्या सुविधा न देणे ही या विनियमांनुसार तक्रार ठरते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. म्हणून प्रवेशाच्या वेळची माहितीपुस्तिका रद्दीत टाकू नये. हॉस्टेलविषयी कॉलेजने काय कबूल केले होते, त्याचा तो लेखी पुरावा असतो.

औषधोपचाराचा खर्च आणि वर्ष बुडाल्याची भरपाई हवी असेल तर कॉलेजविरुद्ध दिवाणी दावा करावा लागतो. करारभंगाच्या दाव्याची मुदत ३ वर्षे आहे. मुलगी किंवा १८ वर्षांखालील मूल असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हॉस्टेल सरकारी असेल तर मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, पण घटना एक वर्षापेक्षा जुनी नसावी.

मेसचे जेवण

मेसचा ठेकेदार हा अन्न व्यावसायिक असतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ त्याला लागू होतो आणि त्याच्याकडे परवाना किंवा नोंदणी असावी लागते. आपल्या राज्यात तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावी. या कायद्याच्या कलम ६५ मध्ये खराब अन्नाने इजा झाल्यास भरपाई ठरवून दिली आहे. मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी १ लाखापर्यंत रुपये मिळू शकतात. टाकीतून नुसते पिण्यासाठी घेतलेले पाणी या कायद्यातील अन्नात मोडत नाही. त्याची जबाबदारी टाकी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे जाते.

घाण तातडीने काढायची असेल तर

भरपाईचे काम सावकाश चालते, पण तुंबलेले गटार आज साफ व्हायला हवे. त्यासाठी नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला अर्ज द्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडेही जाता येते. हे कलम पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ क्रमांकाचे होते. त्याच्याच आधारे मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी आपल्या नगरपालिकेला गटारे आणि संडास बांधायला भाग पाडले. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब सुप्रीम कोर्टाने १९८० साली फेटाळली. रोग पसरेल असा निष्काळजीपणा करणे हा गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २७१ मध्ये आला आहे.

पुरावा कसा जमवावा

ताग्यात खोट निघाली तर बिल, चलन आणि खराब तुकडा समोर ठेवल्याशिवाय मिलवाला ऐकत नाही, हे आपल्या धंद्यातील कोणालाही सांगायला नको. येथेही तोच कायदा आहे. दूषित पाण्याने होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, जंतू पोटात गेल्यावर १५ ते ५० दिवसांनी दिसते. विषमज्वर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. मूल सुटीत घरी येऊन आजारी पडते आणि हॉस्टेलवाला म्हणतो, "आजार तुमच्या घरचाच." म्हणून मूल कोणत्या तारखेपर्यंत हॉस्टेलात होते, याचा हजेरीचा कागद घ्यावा. डॉक्टरांच्या कागदावर नुसते कावीळ लिहून भागत नाही. रक्ताची आयजीएम तपासणी करून अहवाल जपावा. विषमज्वरात रक्ताचे कल्चर विडाल तपासणीपेक्षा भरवशाचे असते.

पाण्याचा नमुना जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक मिळेल असे पाहावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू मुळीच आढळता कामा नये. या सगळ्यांच्या आधी लेखी तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावी. तोंडी सांगितलेले कोर्टात कोणी मोजत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते. आपल्यापैकी कित्येक जण घराचा वरचा मजला विद्यार्थ्यांना भाड्याने देतात, कोणी मेस चालवतात, कोणी वसतिगृहाच्या ट्रस्टवर आहेत. वर सांगितलेले कायदे त्यांनाही तितकेच लागू आहेत. टाकी दर तीन महिन्यांनी धुऊन तारीख लिहून ठेवणे आणि वर्षातून दोनदा पाणी तपासणे यात फारसा खर्च होत नाही. परगावचे लेकरू आपल्या छपराखाली राहते तेव्हा त्याच्या आईबापांनी ते आपल्या हवाली केलेले असते. मुलांना शिकायला पाठवणाऱ्यांनी कागद जपावेत आणि त्यांना आसरा देणाऱ्यांनी आधी टाकी पाहावी.