विश्व पसरते, तरी दीर्घिकांची टक्कर कशी?

पुणे-नाशिक महामार्गाने चाकणचे कारखाने मागे टाकून नारायणगाव गाठले, की पूर्वेला खोडद परिसरात तारांच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसतात. ही ‘जीएमआरटी’ रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. दीर्घिका कशा घडतात, याचा शोध तिच्या मदतीने घेतला जातो.

विश्व प्रसरण पावत असेल, तर दीर्घिका एकमेकींवर आदळतात कशा? प्रसरणाचा प्रभाव प्रचंड अंतरांवर जाणवतो; शेजारच्या दीर्घिकांमध्ये गुरुत्वाकर्षण वरचढ ठरते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्या आकाशगंगेकडे येत आहे. दोघींची टक्कर पूर्वी अटळ मानली जाई. २०२५ मधील एका अभ्यासाने मात्र येत्या १० अब्ज वर्षांत तशी शक्यता निम्मीच असल्याचे दाखवले. टक्कर झाली तरी तारे सहसा एकमेकांवर आपटत नाहीत, कारण त्यांच्यात अंतर फार असते. वायूचे ढग मात्र दाबले जातात आणि त्यातून नवे तारे जन्मतात.

म्हणजे दीर्घिकेचे इंधन वायू, त्यातही हायड्रोजन. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून हे इंधन मोजले. वाटेत विश्व पसरल्याने या लहरी पोहोचेपर्यंत साधारण दुप्पट लांब झाल्या होत्या. तेव्हाच्या दीर्घिका इतक्या झपाट्याने तारे घडवत होत्या, की नवा वायू न मिळाल्यास साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वात तारे जन्मण्याचा वेग पुढे का मंदावला, याचे उत्तर यात सापडते.

एकेका दीर्घिकेचा संकेत इतका क्षीण असतो, की मोबाइल टॉवर, विजेच्या तारा आणि यंत्रांतल्या ठिणग्यांच्या गोंगाटात तो हरवतो. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्गही याच कारणामुळे अडला. कारखाने, रस्ते उत्तरेकडे सरकत असताना खोडदची ही रेडिओ-शांतता टिकवणे नियोजनाचाच भाग ठरले पाहिजे.