अवधाण आलंय, पण कुठून?

या आठवड्यात या सदरात स्तनांची तपासणी समजावून सांगणार, असं मी कबूल केलं होतं. ती आता पुढच्या खेपेला. खोळंबा पेणच्या एका आजींनी केला. बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, नातीच्या डाव्या काखेत अवधाण आलंय, बोराएवढं. चार महिन्यांची आहे. ताप नाही, दूध नीट पितेय. चुना-गूळ लावू का?"

लावू नका, एवढं लगेच सांगून टाकलं. पण तो शब्द दिवसभर डोक्यात घोळत राहिला. अवधाण! हल्ली माझ्याकडे येणारी तरुण मंडळी 'गाठ' म्हणतात. गाठ म्हटली की मनात कॅन्सर येतो आणि निम्मी माणसं घाबरून गप्प बसतात. अवधाण म्हटलं की तोंडून आपसूक निघतं, कशाने आलं? काटा रुतून पाय चिघळला की जांघेत अवधाण येतं, हाताला गळू झालं की काखेत, हे जुन्या बायकांना पाठ असायचं. पोरगं जांघ दुखते म्हणालं की त्या आधी त्याचा तळपाय उलटा करून बघत. मला हेच शिकायला मेडिकल कॉलेजात जावं लागलं.

(गलगंड यात घालू नका, तो थायरॉइडचा. गालगुंड तिसरंच, ती लाळेची ग्रंथी सुजते. गंडमाळ मात्र अवधाणाच्याच घरातली. मानेत एकीला एक चिकटलेल्या गाठींची माळ, बहुतेक वेळा क्षयाची.)

रोहेकरांना हे कुंडलिका नदीवरून पटकन कळेल. पुलावर उभं राहून पाणी गढूळ दिसलं, तर आपण पुलाखाली कारण शोधत नाही. वर कोलाडकडे काय झालं, भिऱ्याच्या धरणातून पाणी सुटलं का, ते विचारतो. शरीरात रक्ताखेरीज लसीका नावाचा एक पातळ द्रव असाच एका दिशेने वाहत असतो, आणि त्याच्या वाटेवर सुमारे ६०० चौक्या, म्हणजे ग्रंथी, आहेत. चौकी सुजली, म्हणजेच अवधाण आलं, की वरच्या अंगाला काहीतरी घडलेलं असतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तो गाठीचाच. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून ती गाठही जास्त करून जांघेत.

आजींच्या नातीचं उत्तर त्यामुळे फोनवरच अर्धं मिळालं. डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात, तिथला ओघ डाव्या काखेत उतरतो. लसीनंतर काही महिन्यांनी काही बाळांना तिथे अशी गाठ येते आणि बहुतेकदा आपली आपण विरते. शेकायचं नाही, चोळायचं नाही, फोडायचं तर मुळीच नाही. वाढत गेली किंवा लाल होऊन मऊ पडली तर दाखवायची. आणि फोनवरचं निदान हे निदान नव्हे, म्हणून बाळाला एकदा घेऊन या म्हटलं.

आता माझी एक फजिती. दवाखाना टाकला त्या काळात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मानेच्या मागे, केसांच्या कडेला, दोन्हीकडे गाठी घेऊन आली. मी घसा पाहिला, कान पाहिले, दात मोजले आणि एक अँटिबायोटिक लिहून दिलं. आमच्या सिस्टरनी तिची वेणी सोडली. उवा! खाजवून खाजवून डोक्याला फोड आले होते. तेव्हापासून डोकं तपासायचं म्हणजे केस बाजूला सारून बोटांनी चाचपायचं, ही माझी सवय. मागच्या गाठींचा ओघ डोक्याच्या कातडीकडून येतो, कानापुढच्या गाठीचा डोळ्याकडून, जबड्याखालच्यांचा दात, हिरडी आणि जिभेकडून. मिश्री लावणाऱ्या बाईच्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या जबड्याखाली गाठ लागली, तर मी आधी तोंड उघडायला लावतो आणि जीभ बाजूला ओढून तिची कडा बघतो.

मान तपासताना मी रोग्याच्या मागे उभा राहतो. हनुवटी जराशी खाली, म्हणजे स्नायू सैल पडतात. तीन बोटांची टोकं नव्हे, पेरं टेकवायची आणि कातडीसकट हळूच गोल फिरवायची. जोरात दाबलं की लहान गाठ बोटाखालून निसटते. हनुवटीपासून सुरुवात, कानापर्यंत, मागे, मग मानेच्या कडेने खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत. मऊ, सरकणारी, दुखरी गाठ असली तर मला फारशी धास्ती वाटत नाही. न दुखणारी, टणक, जागची न हलणारी, किंवा तीन आठवडे होऊनही न उतरणारी असली तर सुईची तपासणी करायला पाठवतो.

त्यात डाव्या गळपट्टीच्या हाडामागचा खळगा माझ्या खास लक्षातला. लसीकेची मोठी वाहिनी पोटातून छातीत चढते आणि या खळग्यापाशीच शिरेला मिळते. त्यामुळे पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण कधीकधी मानेत सापडते. व्हिर्शो या जर्मन डॉक्टरांचं नाव त्या गाठीला आहे. तिथे हरभऱ्याएवढं काही लागलं तरी मी थांबून वाट बघत नाही.

काखेला पद्धत वेगळी. रोग्याचा हात माझ्या हातावर पूर्ण विसावलेला हवा. त्याने स्वतः उचलून धरला की स्नायू ताठ होतात आणि काही लागत नाही. बोटं काखेत अगदी वर न्यायची आणि बरगड्यांवर दाबत खाली आणायची. स्तनाचा बहुतेक ओघ इकडेच येतो. म्हणून स्तन तपासून काख सोडली तर काम अर्धवट राहिलं.

याच्याशी जोडलेलं मुंबईतलं एक मोठं काम पुढच्या वेळी सविस्तर सांगेन. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासत. यंत्र काही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या बायकांत तसा फरक दिसला नाही, आणि त्यावर मला बरंच बोलायचं आहे.

फोन ठेवता ठेवता आजींना विचारलं, तुमचं वय काय? "बासष्ट." तुमची काख कधी कोणी तपासली? त्या हसल्या. "माझी? या वयात कोण बघतंय!"

मंगळवारी त्या नातीला घेऊन रोह्याला येताहेत. नात आधी, मग आजी.