हवा-इंधन गुणोत्तराचे वाचन आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल : एक विवेचन

प्रस्तावना :
बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. ऊसापासून साखरेबरोबरच इथेनॉलही तयार होते व ते पेट्रोलमध्ये मिसळून युसूफ वडगावसारख्या गावातील दुचाकीच्या टाकीपर्यंत पोहोचते. भारतात 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाने हा कार्यक्रम सुरू झाला. 2022 मध्ये 10 टक्के व 2025 मध्ये 20 टक्के हे टप्पे गाठले गेले. इंधन बदलले, परंतु इंजिन ट्यूनिंगमधील '14.7' हा आकडा मात्र अनेकांच्या मनात तसाच राहिला. त्यातून होणारा गैरसमज स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुणोत्तराचा अर्थ :
एक किलो इंधनाच्या पूर्ण ज्वलनासाठी जितके किलो हवा लागते, ते त्या इंधनाचे आदर्श गुणोत्तर होय. काही इंधनांची अंदाजे मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

शुद्ध पेट्रोल – 14.7
20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल – 13.5
शुद्ध इथेनॉल – 9.0
एलपीजी – 15.6
सीएनजी (मिथेन) – 17.2

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून त्यास बाहेरील हवा कमी लागते. प्रत्यक्ष गुणोत्तरास आदर्श गुणोत्तराने भागले असता येणाऱ्या संख्येस लॅम्डा असे म्हणतात. लॅम्डा 1 म्हणजे मिश्रण आदर्श. 1 पेक्षा अधिक म्हणजे विरल आणि 1 पेक्षा कमी म्हणजे समृद्ध.

मापक नेमके काय दाखवतो?
सायलेन्सरच्या नळीत बसविलेला वाइडबँड सेन्सर हवा किंवा इंधन यांपैकी कशाचेही वजन करीत नाही. धुरातील ऑक्सिजन व अर्धवट जळालेले वायू यांवरून तो लॅम्डा निश्चित करतो. मापक त्या लॅम्डास बहुधा 14.7 ने गुणून पडद्यावर आकडा दाखवितो. म्हणजेच टाकीत कोणतेही इंधन असले तरी मापकाची मोजपट्टी पेट्रोलचीच राहते.

शुद्ध पेट्रोलवर लॅम्डा 1 ला जुळविलेल्या कार्बोरेटरच्या दुचाकीत 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरले, असे मानू. जेट तेच राहिल्याने मिश्रण सुमारे 8 टक्के विरल होते. लॅम्डा 1.08 होऊन मापकावर 15.9 दिसते, प्रत्यक्ष गुणोत्तर मात्र 14.6 च्या आसपास असते. येथे अर्धवट माहिती अधिक घातक ठरते. या इंधनाचे आदर्श गुणोत्तर 13.5 आहे हे ज्याने वाचले आहे, तो कारागीर मापकावर 13.5 येईपर्यंत इंधन वाढवितो. त्यावेळी लॅम्डा 0.92 झालेला असतो; इंधन वाया जाते व कार्बन मोनॉक्साइड वाढतो. याउलट मापकावर 14.7 दिसताच प्रत्यक्ष गुणोत्तर 13.5 झालेले असते आणि मिश्रण आदर्श असते. आकडा तोच ठेवावयाचा, इंधन मात्र वाढवावयाचे, असा हा वरवर विसंगत वाटणारा निष्कर्ष आहे.

वाचनातील मर्यादा :
1) ठिणगी चुकल्यास न जळालेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो व मिश्रण समृद्ध असूनही विरल दिसते. सेन्सरच्या आधी नळीस गळती असल्यासही हाच परिणाम होतो. अशा वेळी इंधन वाढविण्यापूर्वी प्लग व सांधे तपासावेत.
2) सर्वाधिक शक्ती साधारणतः 0.85 ते 0.90 लॅम्डाच्या दरम्यान मिळते, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे कार्य 1 च्या निकट उत्तम चालते. म्हणून उद्देश ठरविल्याशिवाय 'योग्य' आकडा सांगता येत नाही.
3) ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात मिश्रण नेहमीच विरल असते; तेथे 1 कडे झुकणारा लॅम्डा हा काळ्या धुराचा इशारा असतो.
4) ऑक्सिजन सेन्सर असलेली इंधन-इंजेक्शनची वाहने हा बदल मर्यादेत स्वतःच भरून काढतात. एप्रिल 2020 पूर्वीच्या बहुसंख्य कार्बोरेटरच्या दुचाकींना ही सोय नाही.

निष्कर्ष :
मापकावरील गुणोत्तर हे मोजलेले नसून गृहीत इंधनावर आधारित रूपांतर असते. इंधन बदलले तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत व व्यवसाय प्रशिक्षणात नोंदी लॅम्डामध्ये घेण्याची सवय लावावी, गुणोत्तर लिहावयाचे झाल्यास सोबत इंधनाचे नाव व मापकाची मोजपट्टी नमूद करावी. जुन्या दुचाकीवर ज्यांचा रोजचा प्रवास अवलंबून आहे, त्यांच्या खिशाशी व इंजिनाच्या आयुष्याशी या साध्या दक्षतेचा थेट संबंध आहे.