बोर्डाचं बटण आणि तीन व्होल्टचा सेल

कराडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे जुनं मशीन येतं ते बहुधा निदान ठरवूनच. ‘विंडोज उडालंय, नवीन टाकून द्या’ किंवा ‘हार्ड डिस्क गेली वाटतं’. मी आधी एकच विचारतो : नुसतं रिस्टार्ट केल्यावर असं होतं, की रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं की सकाळी होतं? ‘सकाळीच’ असं उत्तर आलं की निम्मं काम तिथेच झालं. विंडोजला हात लावायचं कारण उरत नाही.

लक्षणं ठरलेली असतात. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असं येतं आणि खाली एफ-वन दाबायची सूचना. लोक मुकाट्याने दाबतात. कित्येक ऑफिसांत तर सकाळी मशीन लावणाऱ्या शिपायाला एफ-वन कुठे आहे हे डोळे मिटूनही सापडतं! घड्याळ मागे जाऊन १ जानेवारीवर बसलेलं असतं. साल बहुधा त्या मदरबोर्डच्या जन्माच्या आसपासचं. इथवर कुणाचं काही अडत नाही. मग एके दिवशी सातबारा काढायची साइट उघडत नाही, बँकेची उघडत नाही, ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचं मशीन २००९ सालात बसलं असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

ही सगळी विस्मरणं एका नाण्याएवढ्या सेलपाशी येऊन थांबतात. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीत हा सेल नव्हता. मशीनला काय काय जोडलंय हे बोर्डवरची बारीक बटणं वरखाली करून सांगायचं आणि तारीख-वेळ दर वेळी डॉसला हाताने द्यायची. न देता एंटर मारलं की डॉस खुशाल १ जानेवारी १९८० धरून चालायचं. १९८४च्या आयबीएम एटीत मोटोरोलाची एक चिप आली. तिच्यात घड्याळ होतं आणि फक्त ६४ बाइट स्मृती. त्यातले १४ घड्याळाच्या कामाला, उरलेले ५० सेटिंगला. वीज गेली तरी हे टिकावं म्हणून सोबत बॅटरी. सेटिंगच्या आकड्यांची बेरीजही तिथेच लिहून ठेवतात. मशीन सुरू होताना ती पुन्हा करून पडताळतात. जुळली नाही, की त्याच तक्रारीचं नाव चेकसम एरर. घड्याळाचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, कारण या संख्येचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. पुढे ही चिप मदरबोर्डच्या मोठ्या चिपमध्ये सामावली, पण सेल बाहेरच राहिला.

आता आपल्याकडची गोष्ट. हे घड्याळ काही मायक्रोअँपिअर इतकीच वीज खातं. नव्या सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. खर्च पाच मायक्रोअँपिअर धरला, तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. पण हा हिशेब मशीनचा प्लग काढलेला असतानाचा. प्लग जोडलेला आणि बटण चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही पॉवर सप्लाय एका जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट मदरबोर्डला देतच राहतो. त्यावर घड्याळ चालतं आणि सेल जवळपास विश्रांती घेतो. मशीन बंद असूनही मागे नेटच्या केबलपाशी दिवा लुकलुकतो, तो याच विजेवर. ज्यांचा प्लग वर्षानुवर्षं निघत नाही त्यांचा सेल सहज जास्त टिकतो. आपल्या घरात मात्र ‘झोपताना बटणं बंद कर’ हे लहानपणापासून कानावर पडलेलं. ते चूक नाही. विजा कडाडायला लागल्या की मी स्वतः प्लगच उपसून ठेवतो. फक्त त्याची किंमत सेल मोजतो, एवढं ध्यानात असावं. मे महिनाभर कुलूप लागलेल्या शाळेच्या लॅबमधली मशीनं जूनमध्ये एकदम माझ्याकडे येतात, ती यामुळेच.

सेल बदलणं घरी जमतं. बटण बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटचं पान सरकवलं की मदरबोर्डवर सेल चकाकताना दिसतो. पत्र्याला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. खाचेच्या कडेला पत्र्याची बारीक जीभ असते. ती नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने बाहेर ढकलली, की सेल स्वतःच टुणकन वर येतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसून सेल उचकटणाऱ्यांनी खाचेची स्प्रिंग वाकवून आणलेली मी पाहिली आहे. मग पाहुण्यापेक्षा पाहुण्याची बडदास्त महाग पडते. जुना सेल मीटरवर धरा. नवा तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. पावणेतीनच्या खाली असेल, तर त्याला निरोप द्या. नवा घेताना सीआर२०३२च मागा : २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ दिसायला तसाच, व्होल्टही तेवढेच, पण पातळ असल्यामुळे खाचेत ढिला बसतो. अधिकाची खूण असलेली बाजू वर.

सेल बसवला म्हणजे काम संपलं नाही. विसरलेलं सेटिंग नवा सेल परत आणत नाही; ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानांत, जाऊन तुम्हीच द्यायचं. तारीख सगळे घालतात. राहून जातं ते हार्ड डिस्कचं सेटिंग. विंडोज टाकलं तेव्हा ते एएचसीआय पद्धतीवर होतं आणि आता मूळ सेटिंगमुळे आयडीईवर गेलं, तर निळा स्क्रीन येऊन मशीन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत राहतं. हार्ड डिस्क धडधाकट असते, पण दोष तिच्यावर येतो आणि फॉरमॅट मारून लग्नाचे फोटो जातात. म्हणून मशीन नीट चालत असतानाच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण मान डोलावून निघून जातात.

घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकत असेल, तर मात्र सेल बदलू नका. तो टाइम झोनचा किंवा त्याच मशीनवर लिनक्सही असल्याचा प्रकार आहे. नवा सेल दोन-तीन महिन्यांतच संपला, तर खाचेचा गंज बघा. बायोस पुसण्यासाठी दिलेली जंपर नावाची छोटी टोपी कुणी चुकीच्या पिनांवर ठेवलीय का, तेही बघा. दोन्ही ठीक असतील, तर बोर्डवर कुठेतरी वीज झिरपतेय. जुन्या बोर्डवर अशा झिरपण्यामागे पैसे घालायला मी सांगत नाही. तारीख नेटवरून आपोआप जुळवायला लावून वापरता येईल तेवढं वापरा. अलीकडच्या बोर्डांत सेटिंग बहुधा फ्लॅश चिपमध्ये राहतं, सेल मेला तरी घड्याळच तेवढं हरवतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हाच सेल वायर लावून, प्लास्टिकात गुंडाळलेला असतो; तिथे उघडझाप नाजूक, सवय नसेल तर दुकान गाठा.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं, आणि मीटरवर ‘मेलेला’ सेलही त्याला पुरेसा असतो. तसं घडल्याची शंका जरी आली तरी थेट दवाखाना. एरवी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. माझ्या काउंटरवर त्यासाठी झाकणाची बरणी आहे.